अख्ख्या खोलीचा नाच

विशा उर्किसा ही ब्युनोस आयर्समधली साधी, संसारी वस्ती. बैठी घरं, कोपऱ्यावर बेकरी, उन्हाळ्यात दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी माणसं. या वस्तीतल्या सुंदरलँड क्लबची स्थापना १९२१ सालची. क्लब म्हटल्यावर आपल्याकडे जो थाट डोळ्यांपुढे येतो, त्यातलं तिथे काही नाही. आसपासच्या लोकांनी वर्गणी भरून चालवलेली ही जागा आहे. एरवी तिथे पोरं बास्केटबॉल खेळतात आणि शनिवारी रात्री त्याच मैदानावर टँगो नाचला जातो. जाळ्या वर तशाच टांगलेल्या असतात. उजेड लख्ख. चहूबाजूंनी टेबलं मांडलेली, त्यांवर वाइनच्या बाटल्या आणि गरम एम्पानादांच्या थाळ्या. आधी जेवणं होतात, गप्पा होतात, आणि मध्यरात्र जवळ आली की मैदान भरतं. पंचाहत्तरीचे आजोबा, त्यांच्या मागून विशीतली मुलगी, तिच्या मागे दिवसभर टॅक्सी चालवून आलेला माणूस, त्याच्या मागे कुणी डॉक्टरीणबाई. सगळे एकाच दिशेने सरकत असतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

जगभर पोचलेलं टँगोचं चित्र निराळं आहे. लाल झगा, अंधारा रंगमंच, एकच जोडी, हवेत उंच गेलेला पाय. ते चित्र खोटं नाही. रंगमंचावरचा टँगो तसा असतोच, आणि तो बसवायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. पण तो पाहून आपल्या मनात पक्कं बसतं की हा दोघांचा मामला. बाकीचे फक्त टाळ्या वाजवायला. सुंदरलँडसारख्या ठिकाणी एखादी रात्र काढली की हा समज गळून पडतो. टँगो हा अख्ख्या खोलीचा नाच आहे. दोघांची मिठी त्यात आहेच, पण ती सुखरूप राहावी म्हणून शंभर-दीडशे माणसं मिळून काहीतरी सांभाळत असतात. जे सांभाळतात ते इतकं बारीक असतं की पाहुण्याच्या नजरेला पडतही नाही.

मी स्पॅनिशची दुभाषी. कामाच्या निमित्ताने त्या शहरात बरेच महिने राहायचा योग आला. भाषा येत होती, त्यामुळे दुकानात, बसमध्ये, कचेरीत कुठे अडत नव्हतं. अडायचं ते संध्याकाळी काम संपल्यावर. मोठ्या शहरात एकट्या माणसाला जेवायला जागा मिळते, बघायला सिनेमा मिळतो, पण आपण आज दिसलो नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल, असं ठिकाण मिळत नाही. शेजारच्या घरात एक निवृत्त शाळामास्तरीण राहायच्या. एका शनिवारी त्यांनी दार वाजवलं आणि त्या म्हणाल्या, "नाचू नकोस हवं तर. पण माझ्या टेबलाशी बसायला चल." त्या टेबलाशी मी बसले, आणि बसूनच बरंच काही शिकले.

पहिली गोष्ट ही की तिथे कुणी कुणाच्या टेबलाशी जाऊन नाचायला बोलावत नाही. निदान जुन्या वळणाच्या मिलोंगांत तरी नाही. मिलोंगा म्हणजे ही नाचाची बैठक; त्याच नावाची एक चपळ लयही आहे, पण ते इथे बाजूला ठेवू. संगीत सुरू होतं आणि पुरुष आपल्या जागेवरून, बायका आपल्या जागेवरून, खोलीभर नजर फिरवतात. ज्याच्याबरोबर नाचायचं आहे त्याच्याकडे बघायचं. त्यानेही बघितलं आणि नजर टिकली, तर मान किंचित हलवायची. समोरून तशीच मान हलली की ठरलं. याला काबेसेओ म्हणतात. नाचायचं नसेल तर नजर वळवायची, बस्स. 'नाही' हा शब्द उच्चारावा लागत नाही आणि ऐकावाही लागत नाही. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नकार जातो आणि तो दोघांखेरीज तिसऱ्या कुणाला कळत नाही. ठरल्यावरही बाई लगेच उठत नाही. पुरुष मैदानाच्या कडेने चालत येऊन समोर उभा राहिला, पुन्हा एकदा नजर मिळाली, की मगच ती खुर्ची सोडते. न जाणो, त्याने मान शेजारणीला हलवली असली तर?

सुरुवातीला मला हे सगळं जुनाट, आखडलेलं वाटलं. सरळ जाऊन विचारायला काय होतं? पण टेबलाशी बसून बसून त्यातली माया दिसायला लागली. भर खोलीत, सगळ्यांदेखत जो माणूस विचारायला येतो, तो समोरच्यावर होकाराचं ओझं टाकतो. नाही म्हटलं तर त्याची पाठ फिरून परत जातानाची फजिती अख्खी खोली बघते. आणि त्या भीतीपोटी दिलेला होकार मिठीत उतरला की अंगाला कळतो. ज्या नाचात अनोळखी माणसाच्या छातीशी छाती टेकवून, त्याच्या गालाजवळ गाल नेऊन दहा-बारा मिनिटं चालायचं असतं, त्यात होकार निर्भेळच हवा. ही व्यवस्था कुणा एका शहाण्याने बसून आखलेली नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून ती घासून-पुसून तयार झाली आहे, आणि जिथे जिथे ती मोडीत काढतात तिथे तिथे मला तरी नाच सैलावलेला दिसला.

मग येते तांदा. एकाच वाद्यवृंदाची, साधारण एकाच काळातली तीन-चार गाणी सलग लावतात; ही एक तांदा. तांदा संपली की कोर्तिना, म्हणजे टँगोशी संबंध नसलेल्या एखाद्या गाण्याचा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा. कोर्तिना वाजली की मैदान पूर्ण रिकामं होतं. सगळे आपापल्या जागी परततात, पुरुष बाईला तिच्या टेबलापर्यंत सोडतो, आणि नजरांचा खेळ नव्याने सुरू होतो. तांदा सुरू असताना मध्येच सोडून जात नाहीत. पंगतीत शेजाऱ्याचं जेवण व्हायच्या आत ताटावरून उठत नाहीत, तसंच. पहिल्या गाण्यात जमलं नाही, पावलं अडखळली, तरी उरलेल्या गाण्यांत समोरच्याला समजून घ्यायची संधी घ्यायची असते. आणि फार जमलं, जीव रमला, तरी कोर्तिना वाजल्यावर सुटायचं असतं. कुणी कुणाला रात्रभर अडवून धरत नाही. खोली सतत मिसळत राहते ती यामुळे. दहा तांदा झाल्या की दहा निरनिराळ्या माणसांचा श्वास, चाल, संकोच, विनोदबुद्धी आपल्याला ठाऊक झालेली असते, आणि त्यातल्या आठांचं आडनावही माहीत नसतं.

तांदामधल्या दोन गाण्यांच्या सांध्यावर एक फार गोड रिवाज आहे. नवं गाणं सुरू झालं तरी जोड्या लगेच नाचत नाहीत. सुरुवातीचे वीसेक सेकंद उभ्या-उभ्या बोलतात. पावसाबद्दल, बसच्या संपाबद्दल, नातवाच्या दुखऱ्या कानाबद्दल. मग कुणीतरी एक जण बोलणं थांबवतो, हात पुढे येतात आणि वर्तुळ पुन्हा हलायला लागतं. मला ते शहर या वीस-वीस सेकंदांतून कळलं. कांदे कुठे स्वस्त, कुठला दातांचा डॉक्टर बरा, सरकारवर कोण किती चिडलंय, कोणाचा मुलगा स्पेनला निघालाय. महागाईचा आकडा वर्तमानपत्रात वाचायचे. पण ती कुणाच्या घरात कुठे चावते आहे हे तिथे समजायचं.

आणि या सगळ्याला कवेत घेणारी रोंदा. नाचणाऱ्यांचं ते फिरतं वर्तुळ. तिचे नियम साधे आहेत, पाळायला अवघड. पुढच्या जोडीला ओलांडायचं नाही. मागे पाऊल टाकून मागच्यावर जायचं नाही. पुढे जागा झाली तर अडून राहायचं नाही, नाहीतर तुमच्यामागे सगळं वर्तुळ खोळंबतं. मैदानात शिरताना, येणाऱ्या जोडीतल्या नेणाऱ्याची, म्हणजे जोडीदाराला वाट दाखवत चालणाऱ्याची, नजर घेऊन, त्याने मानेने वाट दिली की मग पाय ठेवायचा. टाचा जमिनीलगत. गर्दीच्या रात्री एका जोडीच्या वाट्याला टेबलाएवढी जागा येते, आणि नाचणाऱ्याची खरी पारख तेवढ्या जागेत होते. जुने मिलोंगेरो, म्हणजे मिलोंगांत मुरलेले नाचणारे, काय करतात हे मी तासन्‌तास पाहिलं आहे. काहीच करत नाहीत असं वाटतं. चालतात. थांबतात. एक गिरकी घेतात, ती घेतली हे कळेपर्यंत पुन्हा चालू लागलेले असतात. पण पुढच्या जोडीची पाठ, शेजारून सरकणारा खांदा, मागचं अंतर, गाण्यात आता येणारा व्हायोलिनचा उसासा आणि मिठीतल्या बाईने आत्ताच घेतलेला खोल श्वास, हे सगळं ते एकाच वेळी ऐकत असतात. स्वतःच्या जोडीपुरतं बघणारा माणूस कितीही सफाईने नाचला तरी तिथे त्याला चांगला म्हणत नाहीत. माझ्या शेजारीणबाई एका देखण्या, चपळ तरुणाकडे बघून म्हणाल्या होत्या, "चांगला नाचतो. पण एकटाच नाचतो." त्याच्या मिठीत तेव्हा एक मुलगी होती.

परक्यांनी परक्यांना सांभाळून घ्यायची ही रीत याच शहरात का उगवली असेल? त्याचं उत्तर शहराच्या इतिहासात आहे. १८७१ साली ब्युनोस आयर्समध्ये पिवळ्या तापाची भयंकर साथ आली. दक्षिणेकडच्या सान तेल्मो भागातली श्रीमंत कुटुंबं वाडे सोडून उत्तरेला निघून गेली आणि त्या वाड्यांच्या खोल्या-खोल्या पाडून त्यांत युरोपातून बोटीने येणारी गरीब माणसं कोंबली गेली. या चाळवजा वाड्यांना कॉन्व्हेंतीशो म्हणत. मधे एक चौक, भोवती खोल्या, खोलीत एक अख्खं कुटुंब किंवा पाच-सहा एकटे पुरुष. जेनोवा-नेपल्सचे इटालियन, गालिसियाचे स्पॅनिश, पूर्व युरोपातले ज्यू, सीरिया-लेबनॉनकडची माणसं. १९१४ च्या जनगणनेत शहरातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली निघाली. त्यांच्या आधीपासून तिथे गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वस्त्या होत्या, त्यांचे ढोल होते, त्या ढोलांवरचा कांदोम्बे हा नाच होता. टँगोच्या लयीत ते ढोल मिसळले आहेत. 'एल एन्त्रेरियानो' हा १८९७ चा टँगो रचणारा पियानोवादक रोसेन्दो मेन्दिसाबाल आफ्रिकी वंशाचा होता. पुढे टँगोची गोष्ट सांगताना या माणसांना बराच काळ मागच्या रांगेत ढकललं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या कॉन्व्हेंतीशोंतल्या लोकांनी १९०७ साली भाडेवाढीविरुद्ध संप केला. हजारो कुटुंबांनी भाडं भरायचं नाकारलं. बायका आणि मुलं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, घरमालकांना शहरातून झाडून काढायचं म्हणून. एकमेकांची भाषा धड न येणारी माणसं त्या चौकांत एकत्र राहायला, भांडायला आणि लढायला शिकत होती, तोच हा नाच घडण्याचा काळ. दोन्हींचा धागा मी उगाच जोडत नाही. तोच चौक होता आणि तीच माणसं.

वाद्यसुद्धा परदेशातूनच आलं. बांदोनेऑन जर्मनीचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडने ते विकायला आणलं आणि त्याचंच नाव त्याला चिकटलं. आपल्या पेटीच्याच कुळातलं हे वाद्य: भाता, आणि हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. पेटीही आपल्याकडे युरोपातूनच आली आणि नाट्यसंगीताने, भजनाने तिला इतकं आपलंसं केलं की आता ती परकी वाटत नाही. बांदोनेऑनचंही तसंच झालं. तिथल्या प्रचलित घडणीत ७१ बटणं असतात आणि भाता उघडताना एक सूर, मिटताना त्याच बटणावर दुसरा. ज्या कारखान्याच्या बांदोनेऑनना वादक सर्वांत जास्त मानत, तो आल्फ्रेड आर्नोल्डचा जर्मन कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाला. जुनी वाद्यं त्यामुळे आजही हातोहात फिरतात, दुरुस्त होतात, शिष्याकडे जातात.

१९३५ ते १९५५ हा टँगोचा, त्याच्या मोठ्या वाद्यवृंदांचा, सुवर्णकाळ मानतात. हुआन दारिएन्सोची ठसक्यातली लय, कार्लोस दि सार्लीचा संथ, तालेवार पियानो, आनिबाल त्रोइलो, आणि मला सर्वांत जवळचा ओस्वाल्दो पुग्लिएसे. पुग्लिएसे कम्युनिस्ट होता आणि त्याने आपला वाद्यवृंद, १९३९ साली सुरू झालेला, सहकारी तत्त्वावर चालवला. मिळकत सगळ्यांत वाटली जायची, आणि ज्याचा कामात जितका वाटा तितका त्याचा हिस्सा. राजकीय मतांपायी त्याला अनेकदा तुरुंगात टाकलं. तो आत असताना वाद्यवृंद थांबला नाही. रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून बाकीचे वाजवायचे. १९८५ च्या डिसेंबरात, ऐंशीच्या वयात, तो तेआत्रो कोलोन या शहरातल्या सर्वांत मानाच्या रंगमंदिरात वाजवायला बसला, तेव्हा वस्त्यांमधले त्याचे जुने चाहते ते सभागृह भरायला गेले होते. आजही मिलोंगात पुग्लिएसेची तांदा बहुधा रात्र चढल्यावर लावतात. ती लागली की गप्पा आपोआप खाली येतात.

त्या काळी नाच शिकवायचे वर्ग फारसे नव्हते. मुलगे वस्तीच्या क्लबात मोठ्या मुलांकडून शिकत, आणि आधी बाईची बाजू शिकत. महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या नेण्याने चालायचं, मग कधीतरी नेण्याची पाळी यायची. चारचौघांतल्या मिलोंगात मुलीसमोर उभं राहायची परवानगी त्याच्याही नंतर. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. नेणाऱ्याला नेलं जाण्याचा अनुभव आधी हवा, हे साधं शहाणपण त्यात होतं.

१९५५ च्या लष्करी बंडानंतर ही दुनिया आकसत गेली. जमावावर निर्बंध आले, तरुण मंडळी रॉककडे वळली, क्लबांतले मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले. १९७६ ते १९८३ च्या हुकूमशाहीत तर रात्री घराबाहेर चार माणसांनी जमणंच धोक्याचं होतं. लोकशाही परतली त्याच वर्षी, १९८३ मध्ये, पॅरिसला 'तांगो आर्खेंतिनो' हा प्रयोग रंगला, १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि जगाने टँगो शिकायला ब्युनोस आयर्सची वाट धरली. शिकवायला कोण उरलं होतं? वस्तीच्या क्लबांत शांतपणे नाचत राहिलेले ते म्हातारे. सिन रुम्बोसारख्या क्लबात, काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीवर, तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं तरी ते दर आठवड्याला जात होते. परंपरा जिवंत राहते म्हणतात, तेव्हा अशी कुणी नाव नसलेली माणसं आठवड्यामागून आठवडा खुर्च्या मांडत असतात. २००९ साली युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावाने. मला त्या यादीपेक्षा शहराच्या विधिमंडळाने २०१६ साली केलेला मिलोंगांना आर्थिक साहाय्य देणारा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो मिलोंगा चालवणाऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन, पाठपुरावा करून मिळवला. वारशाला भाडं भरावं लागतं, विजेचं बिल येतं.

या खोलीचा एक अंधारा कोपराही आहे. काबेसेओने नकार झाकला जातो, पण वाट बघणं झाकलं जात नाही. बायका संख्येने जास्त असतात. तरुण, सडपातळ, नवी मुलगी असेल तर चार नजरा एकदम येतात. चाळीस वर्षं उत्तम नाचलेल्या, पासष्टीच्या बाईला तांदामागून तांदा बसून काढावी लागते. माझ्या शेजारणीला मी असं बसलेलं पाहिलं आहे. पाठ ताठ, हसरा चेहरा, पायांत खास नाचाचे बूट. ज्या व्यवस्थेने होकार इतका जपला, तिने न विचारलं जाण्याचं दुःख मात्र बराच काळ बायकांच्या पदरात टाकून दिलं. बायकांवरच्या हिंसेविरुद्ध उठलेल्या २०१५ च्या 'नि ऊना मेनोस' चळवळीनंतर टँगोतल्या बायकांनी हे प्रश्न उघडपणे मांडले. मिठीच्या आडून होणाऱ्या जबरदस्तीबद्दल बोलल्या, मिलोंगांसाठी आचारसंहिता तयार केल्या, आणि बायकांनी बायकांना नेणं नेहमीचं केलं. त्याच्याही आधीपासून, या शतकाच्या सुरुवातीपासून, क्विअर टँगोच्या मंडळींनी कोण नेणार आणि कोण चालणार हे स्त्री-पुरुष असण्यावर ठरू नये असा आग्रह धरला होता. २०१३ पासून ब्युनोस आयर्सच्या जागतिक टँगो स्पर्धेत एकाच लिंगाच्या जोडीला उतरता येतं. काही जुन्या लोकांना हे खुपतं. पण पुरुषांनी पुरुषांशी सराव करण्याचा रिवाज तर त्यांच्याच आजोबांच्या काळचा. माझ्या मते या मंडळींनी रोंदा मोडली नाही, तिच्यात जास्त माणसांना जागा केली.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. मिठीचाच नाच तो. घरातल्या घरात कोण कोणाला मिठी मारणार? वादक, शिक्षक, दारावर तिकीट घेणाऱ्या बायका, यांचं उत्पन्न एका आठवड्यात शून्यावर आलं. जगातल्या निरनिराळ्या शहरांतून नाचणाऱ्यांनी पैसे पाठवले, पडद्यावरून शिकवण्या लावल्या. हुआन कार्लोस कोपेस, मारिया निएवेससोबत टँगोला रंगमंचावर नेणारा थोर नर्तक, जानेवारी २०२१ मध्ये कोविडने गेला. तो आणि मारिया निएवेस मूळचे वस्तीच्या क्लबांतलेच. मी तेव्हा भारतात परतले होते. शेजारणीशी फोनवर बोलायचे. त्या सांगायच्या, आमच्या टेबलाचा एक कागद केलाय; कोण एकटं राहतं, कुणाला औषध आणून द्यायचं, कुणाला रोज फोन करायचा. ज्यांची आडनावं मला माहीत नव्हती, त्यांचे पत्ते, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मुलांचे फोन नंबर त्या टेबलाला माहीत होते. मिलोंगात टेबलं ठरलेली असतात, चालवणारी बाई प्रत्येकाला त्याच्या जागी नेऊन बसवते, त्यामुळे खुर्ची रिकामी राहिली की त्याच रात्री कळतं. टाळेबंदीत तीच सवय कामी आली.

पुण्या-मुंबईतही आता टँगो नाचणारे छोटे गट आहेत. आमच्या पुण्याच्या गटाला एका शाळेचा हॉल भाड्याने मिळतो, लग्नसराईत तोही मिळत नाही. येणाऱ्यांत आयटीवाले आहेत, एक भरतनाट्यम शिकवणाऱ्या आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. पहिल्याच दिवशी यूट्यूबवर पाहिलेला पाय उंच उडवायचा असतो सगळ्यांना. परक्या माणसाला मिठीत घ्यायचा संकोच असतो, तो हळूहळू जातो. त्याची मला चिंता नाही. मी तिथे एकाच गोष्टीसाठी हट्ट धरते, आणि त्यावरून आमच्यात वादही होतात: स्टेप्स नंतर, रोंदा आधी. नव्या माणसाने पहिल्या संध्याकाळी जोडीदाराशिवाय, दि सार्लीच्या संगीतावर, इतरांच्या मागोमाग वर्तुळात फक्त चालायचं. पुढच्यावर आदळायचं नाही, मागच्याला अडवायचं नाही. आणि जुन्यांनी दर बैठकीत पहिली तांदा नव्या माणसाबरोबर आणि दुसरी बराच वेळ बसून राहिलेल्या माणसाबरोबर नाचायची. यातला दुसरा नियम ब्युनोस आयर्समध्ये नाही. तो आम्ही माझ्या शेजारणीसाठी केला आहे, त्यांना ठाऊक नसताना.

गेल्या महिन्यात एक कॉलेजातली मुलगी आली होती. दोन गाणी झाली तरी नुसतं चालणंच चाललंय म्हणताना ती वर्तुळाच्या मधोमध थांबली आणि तिने मला विचारलं, "मॅडम, नाच कधी सुरू करायचा?" मी काही बोलायच्या आत तिच्या मागून बँकेतले काका म्हणाले, "अगं, तू आधी पुढे सरक. तुझ्यामागे आम्ही सात जण उभे आहोत."